मागीलदाराची कडी

दाजी धुरी घरापुढच्या खळ्यात शिरले तेव्हा त्यांच्या डाव्या काखेत कोंबडा होता आणि उजव्या हातात कोऱ्या चामडी वहाणांचा जोड. दोन्ही राखणदारासाठी. जागेचा राखणदार रोज आपल्या हद्दीतून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, आणि ज्याला त्याची मर्जी हवी त्याने नव्या पुरवायच्या, हे धुऱ्यांच्या घराण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. दाजींनी स्वतःसाठी मात्र एवढ्या चांगल्या वहाणा जन्मात घेतल्या नव्हत्या.

कोंबडा त्यांनी प्राजक्ताकडे दिला. दाजींची ही पुतणी, देवेशची बहीण, कुडाळला शाळेत शिकवते, आणि आईच्या घरी काही घडणार असलं की पहिल्या एसटीने हजर होते.

“काकानू, ह्येका आदी च्या देव काय बिस्कीट?” तिने विचारलं.

“तोंड सांबाळ गो चेडवा. आज गाऱ्हाणां आसा.”

मग दाजींची नजर खळ्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच अडकली. तिथे जांभ्या दगडाचा, कमरेएवढा, चुना लावलेला खुरीस उभा होता. क्रूस हा शब्द पुस्तकातला. या किनाऱ्यावर हिंदूसुद्धा खुरीसच म्हणतात, चर्चला इगर्ज म्हणतात, आणि या घरालाही अख्खी वाडी ‘खुरसाकडचं घर’ म्हणते. खुरसाच्या पायथ्याशी मेणाचे ताजे ओघळ होते.

“मेणबत्ती कोण लायता हंय?”

प्राजक्ताच्या आईने, जानकीने, माडांकडे पाहिलं, देवेशने आपल्या दुखऱ्या पायाकडे, प्राजक्ताने कोंबड्याकडे. सुनेकडे, स्वप्नाकडे, कुणीच पाहिलं नाही, आणि दाजींना उत्तर मिळालं.

ते पडवीत बसले. पाणी प्याले. घरातला थोरला माणूस म्हणून निकाल त्यांनी वाटेतच तयार केला होता, आता फक्त वाचून दाखवायचा होता.

“आयका. राखणदाराची वाट डोंगरासून खाडयेक जाता. ह्या खुरसान ती अडवली, म्हणान तो तुमच्या घरात घुसता. आज गाऱ्हाणां घालूया, तेका मान देवया. उद्या सकाळी पहार घालून खुरीस काढूचो आणि मानान तेंच्या इगर्जेत नेऊन ठेवचो. कोणाचो देव आपणाक वायट नाय. पण जेचो तेच्याकडे बरो.”

“आणि नाय काढलो तर?” जानकीने विचारलं.

“मगे ह्या घराक कुलूप. तुम्ही माझ्या घराकडे चलाचां.”

‘माझ्या घराकडे.’ ते घर जानकीला पाठ होतं. दाजी वाईट नव्हते. धाकट्या भावाच्या विधवेला आणि दोन पोरांना त्यांनी कधी घास कमी केला नव्हता. पण त्या घरात जानकीच्या वाट्याला गोठ्याकडच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांची कडी बाहेरून होती. ऐन तारुण्यातली सगळी वर्षं ती रात्री दाराला पाट टेकवून निजली. देवेश मिळवता झाला आणि त्याने विचारलं, आई, तुका काय व्हया? तेव्हा ती म्हणाली होती, आतसून कडी लागणारां दार.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. जानकीने विकत घेऊन पाहिलं. नातालीन फर्नांडिस वारली, तिच्या पुतण्यांनी हे घर विकलं, धुरी राहायला आले, आणि पहिल्याच वैशाखात तौक्ते वादळाने निम्मं छप्पर उचलून खाडीत नेलं. कौलं बसवायला चढलेला देवेश घसरून खाली आला. पाय सांधला, लंगडेपणा राहिला. मग विहिरीचं पाणी खारं झालं. मग माजघराच्या आढ्याला वाळवी लागली आणि एका दुपारी ते धाडकन खाली आलं. जुन्या घरात एवढं व्हायचंच. जानकी कुरकुरली, पण डगमगली नाही.

चालणाऱ्याची गोष्ट वेगळी होती. तो बहुधा पहिल्या दिवसापासून येत असावा, या लोकांना ऐकू यायला मात्र उशीर लागला. दिवेलागण झाली की पुढच्या पडवीत काठी टेकल्याचा आवाज व्हायचा. ठक. मग ओली पावलं. पडवीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, तिथून थेट मागीलदार. तिथे तो थांबायचा. दिसायचं काहीच नाही, फक्त चुलीचा उजेड मध्ये कुणी उभं राहिल्यासारखा कमी व्हायचा. आणि मग दारावर ठोकणं सुरू. बाहेरून नव्हे, आतून. थांबून थांबून, पहाटेपर्यंत. सकाळी उंबऱ्यापाशी लादी ओली असायची आणि तिला खाडीच्या चिखलाचा वास यायचा.

जानकीने सगळे उपाय केले. नारळ ठेवले, उतारे टाकले. आणि तिन्हीसांजेचा नेम तर एक दिवस चुकवला नाही. दिवा लावायच्या आधी पुढलं दार सताड उघडं आणि मागीलदाराला कडी. लक्ष्मी पुढून येते, तिला मागून जाऊ द्यायची नसते, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं. घरावर आधीच एवढी संकटं, त्यात लक्ष्मीही उठून गेली तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

*

दुपारी स्वप्ना कळशी घेऊन शेजारी रोजिनच्या विहिरीवर गेली. रोजिन म्हणजे नातालीनची जाऊ. सत्तरी उलटली तरी राजू, म्हणजे विहिरीचा दोर, ओढताना कुणाला हात लावू देत नाही.

“आज सांगतलंस?” रोजिनने विचारलं.

“सांगूकच व्हया. पाद्री म्हणालो, घरच्यांपासून लपवून देवाकडे येवचां नाय. आदी घरात सांग, मगे वर्सभर थांब, मगे बघूया.”

“देवेशाक ठावक आसा मां?”

“आसा. पण दाजीकाकांपुढे तेंची जीभ टाळ्याक चिकाटता.”

रोजिन हसली. स्वप्नाला हसू आलं नाही. सासू तिला आवडायची, हे पडकं घर आवडायचं, नवरा तर भित्रा असला तरी फार आवडायचा. आणि आज रात्रीपर्यंत यातलं काय हातात उरेल, तिला कळत नव्हतं.

सुरुवात त्या पडण्यापासून झाली होती. देवेश छपरावरून आला तो गवताच्या गंजीवर. हातभर अलीकडे आला असता तर चिऱ्यांच्या ढिगावर. माणसं त्याला रिक्षात घालत होती आणि स्वप्ना जी खाली बसली ती नेमकी खुरसापुढे. ती मागणं मागणार, एवढ्यात कुंपणावरून रोजिन ओरडली होती, “मागू नको गो बाये! वाचलो न्हय तो? आदी देव बरें करूं म्हण!”

देव बरें करूं. किरिस्तावांच्या तोंडी आभार मानायचे हे शब्द. स्वप्नाला वाटलं, म्हातारीला वेड लागलंय, नवरा मोडका पाय घेऊन विव्हळतोय आणि आभार कसले? तरीही ती म्हणाली. आणि उठून रिक्षात देवेशशेजारी जाऊन बसली. पुढे घरातलं काही मोडलं की ती मेणबत्ती घेऊन खुरसाकडे जायची आणि काय मोडलं नाही ते शोधून काढायची. रोज काही ना काही सापडायचं. मग ती रविवारी इगर्जेत मागच्या बाकावर बसू लागली. आपण एवढे दिवस आभार मानतोय ते कुणाचे, हे तिला हळूहळू कळत गेलं, आणि एकदा कळल्यावर तिला ते लपवून ठेवणं जड जायला लागलं.

रोजिनच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. त्यात येशू कंदील घेऊन एका बंद दारावर ठोकत उभा होता. स्वप्नाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली होती, ह्यो तर आमचो राखणदार! रोजिन खोकला लागेपर्यंत हसली होती.

“रोजिनबाय, नातालीनीक ह्या घरात कधी त्रास झालो नाय?”

“कसलो त्रास? आमोरीची घांट वाजली काय दोनूय दारां उघडीं टाकी आणि मागणी म्हणीत बसा.” आमोरी म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ, खाडीपलीकडच्या इगर्जेची घंटा तेव्हा इथवर ऐकू येते.

“दोनूय?”

“फुडलां आणि मागलां. वारो खेळाक बरो, म्हणा. चल, भर कळशी, दाजी वाट बघतलो.”

दाजींचं नाव निघालं आणि स्वप्नाच्या डोक्यातून बाकीचं सगळं उडालं.

*

ती मागीलदाराने आत आली तेव्हा पडवीतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

“देवेशा, खरां सांग. तुजी बायल बाटली काय?”

“छे, काकानू! मेणबत्ती लायता तितकीच. बायलांका कायतरी व्हया आसता.”

स्वप्नाने कळशी खाली ठेवली. राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती तशीच ओल्या पदराने पडवीत आली.

“बाटता ती बावडी, काकानू. मी माणूस आसंय.”

दाजींनी मान वर केली. प्राजक्ताच्या हातातला कोंबडासुद्धा गप्प झाला.

“आयतवारी मी इगर्जेत जातंय. माजो येशूर विश्वास बसलो हा. कोणी माका पैसे देवक नाय, फशिवक नाय. ह्या घरान माका थंय नेल्यान. तुमच्या झिलाक ठावक आसा,” ती जानकीकडे वळून म्हणाली, “तुमका सांगूचां ऱ्हवलां, ती माजी चूक. माका भय वाटला, आई.”

सगळ्यांनी देवेशकडे पाहिलं. देवेशने पुन्हा पायाकडे पाहिलं. त्या पायाने त्याला आजवर पुष्कळ वेळा वाचवलं होतं.

“वैनी, तू पण ना,” प्राजक्ता पुटपुटली, “ह्या सांगूक आजचोच मुहूर्त गावलो?”

दाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. “म्हणजे पिडेचां मूळ गावलां. तू मेणबत्ती लायतंस आणि तेका राग येता.”

“मेणबत्तीच्या आदीपासून तो चलता, काकानू.”

“वाद घालू नको. आज गाऱ्हाण्यात सगळ्यांवांगडा तू ‘व्हय म्हाराजा’ म्हणतलंस. खुरीस काढतांव म्हणान मी बोललंय, की तेकाय व्हय म्हणतलंस. नायतर तू ऱ्हव खुरसावांगडा. जानकी आणि देवेश माझ्यावांगडा येतत.”

आता सगळे जानकीकडे बघायला लागले. तिला सून चोरटी वाटत नव्हती. चोरटी असती तर आढं पडलं त्या रात्री तिने सासूचे पाय चेपले नसते. पण दाजींपुढे तोंड उघडायची तिला सवयच नव्हती.

“दिवेलागण होता,” ती शेवटी म्हणाली. “मागलां दार लावक व्हया.”

ती आत गेली. लोखंडी कडी पडल्याचा आवाज आला, आणि स्वप्नाला वाटलं, झालं, सासूने दाजींची बाजू घेतली.

देवेश तिच्याजवळ लंगडत आला. “म्हणान टाक गो. एक शब्द तो.”

“एकच शब्द आसा, म्हणानच म्हणाक होणा नाय.”

*

दाजींचं गाऱ्हाणं पंचक्रोशीत प्रसिद्ध. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा, एवढंच ते. पण दाजींचा आवाज लागला की अंगावर काटा येतो. जत्रेत माणसं त्यांना मुद्दाम बोलावतात.

त्यांनी कोऱ्या वहाणा पुढच्या पायरीवर ठेवल्या. नारळ ठेवला. घरचे खळ्यात उघड्या दाराकडे तोंड करून बसले, पाठीमागे खुरीस. वारा पडला होता. उघड्या दारातून पडवीतल्या समईपलीकडे माजघराचा काळोख दिसत होता.

“बा देवा म्हाराजा! ह्या जागेच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज धुऱ्यांची लेकरां तुज्यापुढे पदर पसरून जमली हत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या हातून कळत नकळत काय चुकमाक झाली आसात, तर पदरात घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दाजींच्या कानाला काहीतरी खटकलं. जानकी, देवेश, प्राजक्ता, तीन आवाज. आणि त्यांच्यामागून, जरा उशिरा, चौथा. त्यांना बरं वाटलं, सून वठणीवर आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. स्वप्नाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“ह्या घराचां...” दाजींचा सूर हलला. “ह्या घराचां बरां कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तिघे म्हणाले. आणि मग, माजघराच्याही पलीकडून, जाडसर, दमलेल्या आवाजात, “व्हय म्हाराजा.”

प्राजक्ताने भावाचा दंड धरला. जानकीच्या हातातली अक्षत सांडली.

राखणदार ऐकतो, असा दाजींचा जन्मभराचा विश्वास होता. तो उत्तर देईल, अशी अपेक्षा मात्र त्यांनी कधीच केली नव्हती. पण अर्ध्यात सोडलेलं गाऱ्हाणं घालणाऱ्यावर उलटतं, म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जोर लावून म्हटलं, “तुजी वाट जी ह्या खुरसान अडवली हा, तो खुरीस आमी उद्या काढतांव, म्हाराजा!”

कुणी व्हय म्हटलं नाही. देवेशने तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून मिटलं. आतूनही कुणी म्हटलं नाही.

मग ठोकणं सुरू झालं. ठक. ठक ठक. मागीलदारावर, आतून. रोज रात्री असतं त्यापेक्षा जोरात.

“म्हणा!” दाजी ओरडले. “म्हणा रे, व्हय म्हणा!”

त्याच क्षणी खाडीपलीकडे आमोरीची घंटा वाजली, आणि स्वप्ना उठून उभी राहिली.

“खंय चल्लंस?”

“दार उघडूक.”

तिला आत्ता कळलं होतं, आणि एवढी सोपी गोष्ट आजवर कशी कळली नाही याची लाज वाटत होती. नातालीन आमोरीला दोन्ही दारं उघडी टाकायची. कॅलेंडरमधला तो बाहेरून ठोकत होता, आत यायला. हा आतून ठोकत होता. त्याला घर नको होतं, घराचं वाईट करायचं नव्हतं. पुढून यायचं, मागून खाडीकडे जायचं, एवढीच त्याची वाट. आणि गेली चार वर्षं धुऱ्यांनी रोज पुढलं दार उघडून त्याला आत घेतलं होतं आणि मागलं लावून कोंडलं होतं.

“वेडी हस काय? तिन्हीसांजेक मागलां दार? लक्ष्मी जातली!” दाजी म्हणाले.

स्वप्ना पायरी चढून आत गेली होती.

स्वयंपाकघरात काळोख होता. मागीलदाराच्या खालच्या फटीतून बाहेरच्या संधिप्रकाशाची एक रेघ येत होती, आणि ती रेघ दोन ठिकाणी तुटली होती. दाराला लागून कुणीतरी दोन पाय रोवून उभं असल्यासारखी. खाडीच्या चिखलाचा वास एवढा होता की तिला मळमळलं. कडी दाराच्या मधोमध. तिथवर हात न्यायचा तर तो उभा होता त्यातून न्यावा लागणार. तिने हात पुढे केला. विहिरीत घातल्यासारखा तो कोपरापर्यंत गार पडला. तिने हात ओढून घेतला. पळून जावंसं वाटलं.

“सोमिया,” ती म्हणाली. इगर्जेत प्रभूला सोमिया म्हणतात. पण पुढचा सूर लागला तो गाऱ्हाण्याचाच. माहेरी इन्सुलीला तिच्या आजोबांनी घातलेली गाऱ्हाणी ऐकत ती वाढली होती, देवाशी मोठ्याने बोलायची दुसरी रीत तिला येत नव्हती.

“कौलां गेली, पण आमी ऱ्हवलांव. देव बरें करूं!”

मग खळ्यातून एक आवाज आला, एकट्याचा, घोगरा. “व्हय म्हाराजा!” देवेश. आज पहिल्यांदाच त्याने कुणी न सांगता तोंड उघडलं होतं.

“घोव पडलो, पण उठलो. देव बरें करूं!”

“व्हय म्हाराजा!” आता प्राजक्ताही होती.

“बावडी खारी झाली, म्हणान रोजिनबाय गावली. देव बरें करूं!”

“व्हय म्हाराजा!”

“आढां पडला, तेच्याखाली आई बसली हुती. पाणी पियाक उठली आणि वाचली. देव बरें करूं!”

“व्हय म्हाराजा!” जानकीचा आवाज फाटला.

“माज्या सासयेक जल्मात एकदा आतसून कडी लागणारां दार गावलां. देव बरें करूं!”

खळ्यात जानकी पदरात तोंड घालून रडत होती, आणि पोरांनी आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. दाजी खाली मान घालून बसले होते. गोठ्याकडच्या त्या दोन खोल्या त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. बाहेरची कडी त्यांनीच बसवून घेतली होती, आणि त्यात कुणाचं काही बिघडत असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“व्हय... व्हय म्हाराजा,” दाजी म्हणाले.

स्वप्नाने श्वास घेतला. “आणि तू जो कोण आसस, तुका आमी कोंडून घातलांव. आमका समाजला नाय. आमका माफ कर. तू आमचां काय एक वायट करूक नाय. देव बरें करूं.”

तिच्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी हळू म्हणालं, “व्हय.”

तिने हात घातला आणि कडी वर उचलली.

दार आपसूक आत आलं. पडवीतल्या समईची ज्योत एकदम मागीलदाराच्या दिशेने कलली, विझली नाही. काठी पायऱ्या उतरत गेली, ठक, ठक, माडांमधून खाडीच्या बाजूला, आणि पाण्यापाशी थांबली. स्वयंपाकघरातला वास गेला. फटीतली रेघ आता दार उघडल्यामुळे नव्हतीच. तिथे संध्याकाळचा सगळा उजेड आत आला होता.

*

सगळे धावत आले. प्राजक्ताने मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिच्या तोंडून “अगो बाय!” निघालं.

मागच्या शेवटच्या पायरीवर दाजींच्या वहाणा होत्या. पुढच्या पायरीवर ठेवलेल्या, त्याच. जोडीने, खाडीकडे टोकं करून, ओल्या. दाजींनी एक उचलली. आत दुकानदाराने खडूने घातलेला आकडा अजून होता. त्यांनी ती उलटी केली. तळ टाचेपाशी आरपार झिजला होता.

त्यांनी ती जशी होती तशी परत ठेवली.

“गेलो,” ते म्हणाले. मग सुनेकडे बघून, “राखणदार.”

स्वप्नाने दार भिंतीला टेकवून ठेवलं.

“कोण हुतो गो?” जानकीने विचारलं.

“ठावक नाय, आई. मी देव बरें करूं कोणाक म्हटलंय, तितक्याच माका ठावक आसा.”

दाजी पायरीवर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले होते. “जल्मभर मी देवाकडे ‘बरां कर, बरां कर’ म्हणान मागीत इलंय,” ते म्हणाले. “तुमी ‘बरें करूं’ म्हणतास. शब्द तेच मां?”

“शब्द तेच, काकानू.”

“हं.” त्यांना आणखी काही विचारायचं होतं, ते त्यांनी गिळलं. “खुरीस हालवचो नाय. तुजां तां बाकीचां माका पटला नाय हां. पटात असां वाटत नाय.”

“बरां, काकानू.”

“काकानू, कोंबो?” प्राजक्ताने विचारलं. एवढ्या धामधुमीत तिने तो सोडला नव्हता.

“सोड तेका.”

कोंबडा पंख फडफडवत खळ्यात गेला आणि थेट खुरसावर जाऊन बसला. दाजींनी कपाळाला हात लावला. शेवटच्या एसटीने ते गेले. देवेश त्यांना स्टॉपवर सोडायला गेला, आणि परत आल्यावर बायकोला म्हणाला, “दुपारी मी काकांका खोटां सांगलंय.” स्वप्नाने “आयकलंय” एवढंच म्हणून त्याला ताट वाढलं.

त्या रात्री कुणी ठोकलं नाही. पण धुऱ्यांना झोप लागली असं नाही. शांततेची सवय व्हायलाही वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला जानकीने पुढलं दार उघडलं आणि सवयीने मागीलदाराकडे गेली. कडीवर हात ठेवला. चुलीपाशी बसलेली स्वप्ना श्वास रोखून बघत होती. खाडीपलीकडे घंटा वाजली.

जानकीने हात काढला आणि दार उलट ढकलून सताड उघडलं.

“लक्ष्मी गेली तर, आई?”

“जातली तर जातली. कडी घालून कोण ऱ्हवता गो?” जानकी म्हणाली. मग वातीला तेल लावता लावता, सुनेकडे न बघता, “आयतवारी तू इगर्जेत जा. पेजेचां मी बघतंय.”

स्वप्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात पुढच्या पडवीत काठी टेकली. ठक.

जानकीने सुनेचा हात धरला. दोघी भिंतीकडे सरल्या आणि त्यांनी वाट सोडली.